लंडनचे वार्तापत्र : गोदीच्या भिंतीबाहेर

वॉपिंगच्या बाजूने थेम्सकाठी चालू लागलं की जुनी गोदामं लागतात. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत. पलीकडे सेंट कॅथरिन गोदीत धनिकांच्या नौका नांगरलेल्या असतात. १८२८मध्ये उघडलेल्या या गोदीसाठी अकरा हजारांवर माणसं उठवली गेली. त्यांतल्या भाडेकरूंना छदामही मिळाला नाही.

लंडनला अशा गोद्या होण्याआधी परदेशी माल उतरवायला लंडन ब्रिज ते टॉवर ऑफ लंडन एवढेच सरकारमान्य धक्के होते. जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत खोळंबत आणि पडावांतून साखर, रम, कॉफी चोरीला जाई. म्हणून १७९८मध्ये वॉपिंगला नदीवरचे पोलीस नेमले, १८०२मध्ये वेस्ट इंडिया गोदी उघडली आणि तिच्याभोवती वीस फूट उंच भिंत घातली. गुलामांनी पिकवलेल्या साखरेची ही राखण!

माल सुरक्षित झाला. तो उचलणारा मात्र रोज सकाळी फाटकाबाहेर उभा राही. मुकादम येई, गर्दीतली हवी तेवढी माणसं निवडी, बाकीचे रिकाम्या हातांनी घरी. आत गेलेल्यालाही तासाभराने काढून टाकत. जहाजं वाऱ्यावर आणि भरतीवर येत, आणि त्या अनिश्चिततेचा सगळा भार गोदी कंपन्यांनी मजुरांच्या पोटावर टाकला होता.

ऑगस्ट १८८९मध्ये कामगार पुढारी बेन टिलेट यांच्या पुढाकाराने या मजुरांचा संप झाला. मागणी तासाला सहा पेन्स आणि निदान चार तासांचं काम. मजुरांचं जेवण शहराला दिसावं म्हणून मोर्चेकरी काठ्यांवर सडके कांदे आणि माशांची मुंडकी टोचून बड्या पेढ्यांसमोरून फिरले. ऑस्ट्रेलियातून तीस हजार पौंडांची मदत आली, कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली, आणि महिन्याभरात सहा पेन्स मान्य झाले. इथल्या अकुशल कामगारांच्या संघटना त्यानंतरच फोफावल्या. ब्रिटनचं आजचं कामगार राजकारण समजून घ्यायचं तर मी आधी गोदीच्या या फाटकाकडे बोट दाखवीन.

लंडनच्या गोद्यांत पी अँड ओ कंपनीच्या बोटींवरून रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे येत. आशियाई खलाशांचे इथे इतके हाल होत की १८५७मध्ये लाइमहाउसला त्यांच्यासाठी वसतिगृह काढावं लागलं. सहा पेन्सचा दर त्यांच्यासाठी नव्हता. त्यांची भरती मुंबईत होई, आणि त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कितीतरी कमी असे.