एक विम, अनेक पॅकेजेस

ब्रॅम मोलेनार यांनी 1991 साली अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केलेला विम हा टेक्स्ट एडिटर डेबियन लिनक्सवर एकाच पॅकेजमध्ये मिळत नाही. विम-टायनी, विम, विम-नॉक्स, विम-जीटीके३, विम-कॉमन, विम-रनटाइम अशी त्याची वाटणी झालेली आहे. यातले कोणते बसवावे हे नवख्याला उमगत नाही, आणि नावांवरून ते उमगण्यासारखेही नाही.

विम सी भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या पुष्कळ सुविधा आत घ्यायच्या की वगळायच्या, हे कोड कंपाइल करतानाच ठरते. विमला त्याची आवृत्ती विचारली की सुविधांची लांबलचक यादी समोर येते. असलेल्या सुविधेपुढे अधिकचे चिन्ह, नसलेलीपुढे उण्याचे. पायथन, रुबी किंवा लुआमधून विम चालवण्याची सोय, खिडकीचे रूप, सिस्टिमच्या क्लिपबोर्डशी देवाणघेवाण, सारे या यादीत असते. ज्यापुढे उणे आहे ते नंतर पॅकेज आणून जोडता येत नाही. म्हणून डेबियन एकच कोड वेगवेगळे पर्याय निवडून अनेकदा कंपाइल करते आणि प्रत्येक खेपेचे स्वतंत्र पॅकेज बनवते. विम-नॉक्स ही विमची पुरवणी नव्हे, तो आख्खा दुसरा विम आहे. एकाच यंत्रावर असे दोन-तीन विम बसवले, तर ‘विम’ या आज्ञेला कोणी उत्तर द्यायचे हे पर्याय निवडणारी वेगळी यंत्रणा प्राधान्यक्रम पाहून ठरवते.

एवढा खटाटोप अवलंबित्वासाठी. खिडकीचे रूप हवे तर जीटीके ही ग्राफिक्सची लायब्ररी लागते आणि तिच्यापाठोपाठ आणखी कितीतरी लायब्रऱ्या येतात. ज्या सर्व्हरला पडदाच नाही, त्याच्यावर हे ओझे कशाला? विम-नॉक्समध्ये भाषांच्या जोडण्या आहेत, ग्राफिक्स नाही.

खरीखुरी विभागणी झाली ती विम-रनटाइममध्ये. सिंटॅक्स रंगवण्याचे नियम, मदतीची पाने, विमच्याच स्क्रिप्टभाषेतले प्लगइन, असा तीस मेगाबाइटहून अधिक ऐवज तिथे आहे. तो इंटेलवर आणि एआरएमवर सारखाच चालतो, त्यामुळे भांडारात एकच प्रत पुरते. विम, विम-नॉक्स आणि विम-जीटीके३ तिघेही तीच वापरतात. बाइट्स सोळाच्या पायात दाखवणारे एक्सएक्सडी हे छोटे साधनही विमच्या कोडसोबत येते, पण त्याची गरज इतरांनाही असल्याने त्याला स्वतःचे पॅकेज मिळाले.

विम-टायनीची गोष्ट निराळी. मूळ बसवणीत येते ते हेच पॅकेज, जेमतेम दोन मेगाबाइटचे, ‘व्हीआय’ या नावाने हाक मारायचे. या नावाने चालवले की ते बिल जॉय यांच्या 1976 च्या मूळ एडिटरसारखे वागू लागते. लिहिता लिहिता बाणाची कळ दाबली की कर्सर हलण्याऐवजी कागदावर ए, बी, सी, डी उमटतात. मदत मागावी तर मदतीची पाने बसवलेलीच नसतात. विमच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाठ मुळात विमशी पडलेलीच नसते, या पॅकेजशी पडलेली असते. त्यात एक हुशारी मात्र आहे. स्क्रिप्ट चालवण्याची क्षमता नसलेला हा विम मांडणीच्या फाइलमधला ‘इफ’ ते ‘एंडइफ’ हा मजकूर मुकाट्याने ओलांडून जातो, त्यामुळे एकच फाइल लहानमोठ्या दोन्ही विमना चालते. फेडोरामध्ये हीच जोडी विम-मिनिमल आणि विम-एन्हान्स्ड या नावांनी नांदते.

प्रत्येक सुविधा ऐच्छिक ठेवणे शहाणपणाचे नसते. देवनागरीसारख्या लिप्यांना लागणारा बहुबाइट अक्षरांचा आधारही एके काळी विममध्ये वगळता येत असे. 8.2 या आवृत्तीपासून तो कायमचा आत आला, आणि तेच योग्य झाले.

2014 मध्ये विमपासून वेगळा निघालेला निओविम दुसऱ्या वाटेने गेला. त्याच्यात पायथनची जोडणी एडिटरच्या पोटात नसते. ती वेगळी प्रक्रिया म्हणून चालते आणि निरोपांची देवाणघेवाण करते. त्यामुळे तिचे पॅकेज कधीही बसवावे, कधीही काढावे, एडिटरला धक्का लागत नाही. निरोपांच्या येजा करण्यात थोडा वेळ जातो, एवढीच त्याची किंमत. विमनेही 2016 च्या आठव्या आवृत्तीत स्क्रिप्टमधल्या सुविधांसाठी स्वतःची पॅकेज-पद्धत आणली, आणि जुळणारे शब्द शोधून देणारे मॅचइट त्या पद्धतीने हवे तेव्हाच उघडता येते. कंपाइल करताना ठरणाऱ्या सुविधा मात्र आहेत तिथेच राहिल्या.

डेबियन वापरणाऱ्याने सर्व्हरवर विम-नॉक्स घ्यावे. डेस्कटॉपवर, केवळ टर्मिनलमध्ये काम करायचे असले तरी, विम-जीटीके३ बसवावे, कारण क्लिपबोर्डची जोडणी त्यात मिळते.