दापोडीचा अनाम चित्रकार

पुण्याजवळच्या दापोडीचे नाव घेतले की एस.टी.ची कार्यशाळा, लोहमार्ग आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. याच दापोडीत एके काळी मुंबई इलाख्याचे वनस्पतिउद्यान होते, हे पुणेकरांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असेल. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, ते सुरू झाले. १८३८ पासून त्याची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे होती. गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून अनेक वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्यांपैकी सुमारे १७० चित्रे आज एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात सुरक्षित आहेत. हेन्री नॉल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये त्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दापोडीचे उद्यान नाहीसे झाले. चित्रे मात्र राहिली. ती ज्या हाताने काढली, त्याचे नाव राहिले नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच त्याची ओळख इतिहासाने जपली आहे.

ही कथा एकट्या दापोडीची नव्हे. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे करवून घेतली. त्याच्या ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या ग्रंथातील ३०० चित्रपत्रे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात मान्यता पावली. पण ती काढणाऱ्यांची नावे ग्रंथात छापली गेली नाहीत. अपवाद झाले, ते थोडे. वॉलिचच्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचांद यांची नावे आढळतात. मद्रास इलाख्यातील रॉबर्ट वाइट याने रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांचे श्रेय मान्य केले. एवढेच नव्हे, तर आमरीच्या एका प्रजातीस गोविंदूचे नाव दिले. श्रेय देण्याची वृत्ती असेल तर त्या काळीही ते देता येत होते, हे यावरून दिसते. इतरत्र चित्रकार हा वेतनावरचा कारागीर मानला गेला आणि चित्र हे शास्त्राचे साधन. साधनाची नोंद झाली, कारागिराची राहून गेली.

कोणी म्हणेल, तो काळ गेला. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फुलाचे चित्र हाताने काढीत बसण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न गैरलागू नाही, परंतु त्याचे उत्तर झाडापाशीच मिळते. पळस फुलतो तेव्हा त्याच्या फांद्या बहुधा निष्पर्ण असतात. पाने फुटतात तेव्हा फुले झडून गेलेली असतात. बहाव्याची फुले उन्हाळ्यातली, तर त्याच्या लांब शेंगा पिकून काळ्या पडायला पुढे कित्येक महिने लागतात. छायाचित्र एका झाडाचा एक क्षण टिपते. चित्रकार कळी, फूल, पान, शेंग आणि बी ही एकाच कागदावर, त्यांच्या खऱ्या प्रमाणात मांडू शकतो. कोणता तपशील ठळक करावयाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा, याचा निर्णय तो पाहता पाहता करतो. म्हणूनच छायाचित्रण इतके सुलभ होऊनही नव्या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध करताना शास्त्रज्ञ आजही रेखाचित्राचा आधार घेतात.

स्थानिक चित्रकाराचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. प्रवासी चित्रकार येतो, एक बहर पाहतो आणि निघून जातो. स्थानिक चित्रकार त्याच झाडाकडे दुसऱ्या ऋतूत पुन्हा जाऊ शकतो. सह्याद्रीतील कारवी सामान्यतः सात वर्षांनी एकदा फुलते. ती संधी हुकली, तर पुन्हा सात वर्षे वाट पाहण्याची तयारी त्या डोंगराजवळ राहणाऱ्याचीच असू शकते.

अशा चित्रांची खरी जागा शहरातल्या महागड्या कलादालनापेक्षा उद्यानातच आहे. लंडनच्या क्यू उद्यानात मेरियन नॉर्थ या बाईने स्वतःच्या खर्चाने दालन बांधून १८८२ मध्ये ते आपल्या चित्रांसह लोकांस खुले करून दिले. जगभर हिंडून, त्यात १८७७ ते १८७९ या काळातील भारतही आला, काढलेली ८०० हून अधिक चित्रे तेथे भिंतभर लागलेली आहेत. प्रेक्षकांना तेथे चहा-कॉफी मिळावी ही तिची इच्छा उद्यानाच्या प्रमुखाने मानली नाही, तेव्हा तिने दालनाच्या दारावर चहा आणि कॉफीची झाडेच रंगवून टाकली! त्याच उद्यानात २००८ मध्ये केवळ वनस्पतिचित्रांसाठी आणखी एक दालन उघडले. प्रेक्षक चित्र पाहतो, बाहेर पडतो आणि चार पावलांवर झाड पाहतो. दोन्ही पाहणी एकमेकींस पूरक ठरतात.

अशी दालने चालविणे सोपे नाही, हेही खरे. ज्या एडिंबरोच्या उद्यानाने दापोडीची चित्रे जपली, त्यानेच २०१६ मध्ये आपल्या आवारातील इन्व्हरलीथ हाउस हे समकालीन कलेचे दालन आर्थिक कारणास्तव बंद करण्याचा निर्णय घेतला होता. कलावंतांनी आणि नागरिकांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठविला. पुढे ते नव्या स्वरूपात कलेसाठी पुन्हा खुले झाले. दालन टिकते ते केवळ अनुदानावर नव्हे. ते आपले आहे असे मानणारी माणसे असावी लागतात.

महाराष्ट्रात अशी माणसे नाहीत काय? मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली आणि १८७२ मध्ये तिच्या लगतच आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय लोकांसाठी उघडले. झाडे आणि कला यांचे शेजार तेथे दीडशे वर्षांचे आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीतील पुष्पप्रदर्शनास लोकांची रीघ लागते आणि शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धाही तेथे होतात. मुलांना झाडाखाली बसवून चित्र काढावयास लावणे ही उत्तम गोष्ट आहे. परंतु जाणत्या हाताने काढलेले त्याच झाडाचे चित्र त्यांना शेजारी पाहावयास मिळाले, तर ती स्पर्धा एका दिवसाची करमणूक न राहता शिक्षण ठरेल.

यासाठी संगमरवरी इमारत नको. उद्यानातील एखादी कोरडी, उजेडाची खोली पुरे. भाडे न घेता ती स्थानिक चित्रकारांना ऋतुमानाप्रमाणे द्यावी. प्रत्येक चित्राखाली झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, उद्यानातील त्याची जागा आणि चित्रकाराचे पूर्ण नाव व तारीख असावी. दर प्रदर्शनातून एक तरी चित्र उद्यानाने योग्य मोल देऊन विकत घ्यावे आणि नोंदवहीत चढवून जतन करावे. चित्रकला शिकविणाऱ्या संस्था आणि महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग यांनी एकत्र काम केल्यास चित्रकाराला शास्त्राची आणि शास्त्राच्या विद्यार्थ्याला निरीक्षणाची शिस्त लाभेल.

आधी झाडे जगवा, मग चित्रांचे पाहू, असा आक्षेप यावर येईल. तो प्रामाणिक आहे. पण ज्या झाडाचे नाव कोणास ठाऊक नाही, ते रस्तारुंदीत तोडले गेले तरी त्याची हळहळ फार जणांना वाटत नाही. चित्रामुळे झाड वाचेलच असे नव्हे. ते ओळखणारी माणसे मात्र वाढतील आणि कुऱ्हाडीविरुद्ध हरकत नोंदवायची वेळ आली, तर तीच पुढे येतील. दापोडीच्या त्या चित्रकाराचे नाव आता बहुधा सापडणार नाही. आज आपल्या गावात जे हातात कुंचला घेऊन सातविणीसमोर बसले आहेत, त्यांची नावे लिहून ठेवणे मात्र अगदी सोपे आहे. त्यासाठी हवी ती एक नोंदवही आणि ती नियमाने भरणारा एक कारकून.