म्हाडात नंबर लावता येतो का?

विरार लोकलच्या डब्यात घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आम्ही म्हाडात नंबर लावलाय." बोलणारा रांगेत पिशवी ठेवून आल्यासारखा निर्धास्त असतो. आज ना उद्या पुढचे लोक सरकतील, आपली पाळी येईल. तोवर नालासोपारा पूर्वेची भाड्याची खोली, दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि दर करारागणिक वाढतं भाडं.

अडचण इतकीच की ही रांग अस्तित्वातच नाही. वसई-विरारमध्ये सरकारी किंवा सवलतीच्या घराबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका समजुतीतून फुटतात.

"दोनदा नाही लागला, तिसऱ्यांदा लागेलच"

म्हाडाची घरं संगणकीय सोडतीने दिली जातात. वसई-विरारचा भाग म्हाडाच्या कोकण मंडळाकडे येतो. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे या मंडळाचे जिल्हे. मुंबई मंडळाची सोडत वेगळी, कोकणची वेगळी. मुंबईच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेले विरारकर कोकणची मुदत कधी संपली ते नंतर पेपरात वाचतात.

प्रत्येक सोडत स्वतंत्र असते. दहा वेळा हरलेल्याचा आणि काल पहिल्यांदा अर्ज केलेल्याचा हक्क संगणकापुढे अगदी सारखा. जुन्या अर्जांना ज्येष्ठता नाही, वाट पाहण्याचे गुण नाहीत. 'प्रतीक्षा यादी' हा शब्द म्हाडाच्या कागदांत सापडतो, पण ती यादी त्या एका सोडतीपुरती, त्या योजनेच्या संकेत क्रमांकापुरती आणि त्या आरक्षण गटापुरती असते. एखादा विजेता अपात्र ठरला किंवा त्याने घर नाकारलं, तर खालच्याला संधी मिळते. पुढच्या सोडतीत त्या यादीला काही अर्थ उरत नाही.

२०२३पासून यात आणखी एक घोळ वाढला. म्हाडाने नवी ऑनलाइन प्रणाली आणली. त्यात एकदाच कायमस्वरूपी नोंदणी करून आधार, पॅन, अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा सोडतीच्या आधीच द्यावा लागतो. लोकांनी नोंदणी केली, मोबाइलवर संदेश आला आणि नंबर लागला असं समजून बरेच जण शांत झाले. नोंदणी म्हणजे फक्त ओळख पटवणं. जाहिरात आली की पुन्हा आत जाऊन संकेत क्रमांक निवडायचा, अर्ज भरायचा, शुल्क आणि अनामत रक्कम भरायची. हे केलं नाही, तर सोडतीच्या दिवशी तुमचं नाव त्या संगणकात नसतंच.

"म्हाडाचं घर म्हणजे मिळणं अशक्य"

हा गैरसमज बरोबर उलट्या दिशेचा, आणि विरारमध्येच तो सगळ्यात जास्त खोटा ठरला. विरार पश्चिमेला बोळींजमध्ये कोकण मंडळाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २०१४पासून ही घरं सोडतींत येत राहिली आणि त्यांतली हजारो पडून राहिली. २०२३च्या सुमारास रिकाम्या घरांचा आकडा पाच हजारांच्या आसपास होता. इथे माणसं घरासाठी थांबलेली नव्हती, घरं माणसांसाठी थांबलेली होती.

कारणं अनाकलनीय नव्हती. पहिलं पाणी. टॉवर उभे, पण नळाला पुरेसं पाणी नाही, अशी तिथल्या रहिवाशांची वर्षानुवर्षांची तक्रार होती. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत दररोज ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारच्या वाट्याला आहे. ते २०२३च्या अखेरीपासून शहरात येऊ लागलं आणि बोळींजच्या विक्रीलाही जरा जीव आला. दुसरं कारण किंमत. एका बेडरूमचं घर साधारण तेवीस-चोवीस लाखांना, दोन बेडरूमचं चाळीस लाखांच्या पुढे. वसई-विरारच्या खासगी बाजारात जवळपास तेवढ्याच पैशात स्टेशनला जवळ काहीतरी मिळत असेल, तर लोक म्हाडाकडे कशाला वळतील?

शेवटी ही घरं 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या तत्त्वावर विकायला काढली गेली आणि अटीही बऱ्याच सैल झाल्या. म्हणजे ज्यांना सोडतीची धास्ती वाटत होती, त्यांच्यासाठी सोडतीवाचून दार उघडं होतं. दाराशी लगेच गर्दी मात्र झाली नाही. माझ्या मते खरी मेख तिसऱ्या कारणात आहे, आणि ती कर्जाची आहे. वालीव-पेल्हारच्या गाळ्यांत रोखीने पगार घेणाऱ्याकडे ना पगाराची पावती असते, ना आयकराचं विवरणपत्र. त्याला वीस लाखांचं कर्ज देणारी बँक शोधून सापडत नाही. संतोष भुवन किंवा धानीव बागेतला चाळ बांधणारा मात्र त्याच्याकडून काही लाख रोख आणि बाकी हप्त्याने घेतो, कागद विचारत नाही. सरकारी घर रिकामं राहतं आणि बेकायदा खोली भरते, ती अशी.

सोडतीत खरी चुरस असते ती '२० टक्के'च्या घरांसाठी. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकेत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या खासगी विकासकाला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, त्यामुळे हा नियम इथे लागू होतो. ही घरं म्हाडा बांधत नाही, फक्त सोडत काढते. पुढचा करार आणि ताबा विकासकाकडून. जाहिरातीतल्या किमतीपलीकडे मुद्रांक शुल्क, नोंदणी, देखभाल असे खर्च असतात, हे अर्ज करण्याआधीच वहीत मांडलेलं बरं.

"भाडं द्यायला सरकार मदत करतं"

ही कल्पना बहुधा परदेशी व्हिडिओंमधून आलेली. अमेरिकेत १९७४पासून 'सेक्शन ८' नावाची योजना आहे. गरीब कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं द्यायचं, वरचं सरकार देतं. तिथे खरोखरच प्रतीक्षा याद्या असतात, आणि अनेक शहरांत त्या इतक्या लांबतात की नवीन नावं घेणंच बंद होतं. न्यू जर्सीतल्या भाच्याने सांगितलेली ही गोष्ट वसईत येईपर्यंत 'आपल्याकडेही अशी स्कीम आलीय' अशी होते.

आपल्याकडे खासगी घराचं भाडं दरमहा भरणारी सर्वसाधारण सरकारी योजना नाही. 'भाडं मिळतं' असं लोक ज्याबद्दल बोलतात, ते पुनर्विकासातलं भाडं. इमारत पाडून नवी होईपर्यंत विकासक मूळ रहिवाशांना ते देतो. ते करारातून येतं, सरकारच्या तिजोरीतून नाही. आणि ते मालकाला किंवा पात्र रहिवाशाला. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला किंवा हेवी डिपॉझिट देऊन राहणाऱ्याला त्यातला रुपयाही नाही.

सरकारने भाड्याच्या घरांचा विचार केलाच नाही असंही नाही. २००८ला एमएमआरडीएने महानगर प्रदेशासाठी भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली होती. खोली १६० चौरस फुटांची. विकासकाला जादा चटई क्षेत्र मिळायचं, बदल्यात त्याने या खोल्या बांधून द्यायच्या. पुढे सरकारचं मन बदललं, भाड्याचा विचार मागे पडला. पनवेलजवळ कोनला बांधलेल्या अशा खोल्या दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना मालकीने देण्यासाठी २०१६ला सोडत निघाली. २०२०ला केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली आणि १ सप्टेंबर २०२४पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.०मध्येही भाड्याच्या घरांचा एक घटक आहे. तिन्हींत मदत जाते ती घरं बांधायला. आज तुम्ही राहता त्या खोलीचं भाडं त्यातून भरलं जात नाही.

नोकरदाराला किंवा छोट्या व्यावसायिकाला भाड्यावर मिळणारी एकच मदत आहे, ती कराची. पगारात घरभाडे भत्ता असेल तर त्याची सूट, नसेल तर ८०जीजी कलमाची वजावट, महिना जास्तीत जास्त ५,००० रुपये. दोन्ही जुन्या करप्रणालीतच. त्यासाठी भाडेपावती लागते, आणि घरमालक नेमकी तीच द्यायला कुरकुरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. हे बहुतेक भाडेकरूंना माहीत नसतं, म्हणून नोंदणीचा सगळा खर्च निमूटपणे तेच सोसतात.

"गावाला यादीत नाव आहे, इथेही असेल"

रांग खरोखर आहे ती गावात. ग्रामीण घरकुलासाठी प्रतीक्षा यादी असते, ग्रामसभेत ती वाचली जाते, प्राधान्यक्रम ठरतो. 'ड यादीत नाव आहे' असं म्हणणारा चुलता गावाकडे प्रत्येकाला असतो. सपाट भागात केंद्राच्या योजनेतून घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, रोजगार हमीची मजुरी वेगळी. पालघर जिल्ह्यात आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आवास आणि कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी पीएम-जनमन अशा वेगळ्या वाटाही आहेत.

पण ही यादी महापालिकेची हद्द ओलांडत नाही. ३ जुलै २००९ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावं मिळून महापालिका झाली. दिसायला गाव, पण नोंदीत शहर, असे पाडे इथे बरेच आहेत. तिथे लागू होते ती शहरी योजना. स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर अनुदान मिळतं, पण जागा कागदावर तुमची हवी. व्याज अनुदानाच्या घटकात घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पाच हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळू शकतात. अट अशी की भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. गावचं वडिलोपार्जित घर स्वतःच्या नावावर चढलेलं असेल, तर इथेच गाडी अडते. आवास योजनेचा अर्ज क्रमांक म्हणजे मागणीची नोंद. तो हातात आहे म्हणून कुठल्याही इमारतीत तुमच्यासाठी घर राखून ठेवलेलं नसतं.

"आमचं उत्पन्न बसत नाही"

बऱ्याचदा बसतं. म्हाडा अर्जदार आणि जोडीदार या दोघांचंच वार्षिक उत्पन्न धरते. कमावत्या मुलाचा पगार त्यात मिळवून 'आपण बाद' असं ठरवणारे पुष्कळ. वसई तालुका मुंबई महानगर प्रदेशात येतो, त्यामुळे इथे ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट. जव्हार-मोखाड्यात पहिल्या दोन मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख. एकाच जिल्ह्यातली ही दोन मोजमापं.

उत्पन्नापेक्षा जास्त लोक अडतात ते दाखल्यावर. अधिवासाचा दाखला बारकोडचा आणि १ जानेवारी २०१८नंतरचा लागतो. कपाटातला जुना, लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही. वसईच्या तहसील कार्यालयातून किंवा 'आपले सरकार' केंद्रातून तो जाहिरात येण्याआधी काढून ठेवावा. लग्नानंतर पॅनवर एक आडनाव आणि आधारवर दुसरं, हेही आधीच निस्तरावं.

"घरपट्टी भरतो, म्हणजे घर अधिकृत"

घरपट्टीची पावती, वीजमीटर, नोटरीचा करार, यांतल्या कशानेही बांधकाम अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामावर महापालिका कर लावतेच, वर शास्तीही लावते, आणि करआकारणीमुळे बांधकाम नियमित होत नाही हे कायद्यातच लिहिलेलं आहे. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४च्या अखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांवर कुटुंबं बाहेर पडली. त्यांनी पैसे मोजले होते, पण पैसे मोजल्याने पुनर्वसनाचा हक्क आपोआप तयार होत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये विरारच्या विजय नगरातली रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. तीही इमारत अनधिकृतच होती. म्हाडाच्या घराचा ताबा उशिरा मिळतो म्हणून कंटाळून असल्या इमारतीत शिरणाऱ्याने आधी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावा. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नये.

"आमदारांच्या कोट्यातून करून देतो"

आमदार-खासदारांसाठी सोडतीत आरक्षण आहे, २ टक्के. ते त्यांनी स्वतः अर्ज करण्यासाठी, कुणाला चिठ्ठी देण्यासाठी नाही. पत्रकार, कलाकार, माजी सैनिक यांच्यासाठीही राखीव घरं असतात, अनुसूचित जातींना ११ आणि जमातींना ६ टक्के. या प्रत्येक गटातली निवडही सोडतीनेच होते. सोडतीसाठी म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत. सोडतीच्या अर्जाचं शुल्क जीएसटी धरून ५९० रुपये आहे, अनामत रक्कम ऑनलाइन भरायची असते आणि घर न लागल्यास ती अर्जदाराच्याच बँक खात्यात परत येते. दलालाला रोख दिलेले पन्नास हजार परत येण्याची अशी कुठलीही सोय नाही.