कार्ड गावात, पोट परगावात

दिवाळी सरली की पुसद, उमरखेड, महागावच्या बसस्थानकांवर गाठोडी दिसू लागतात. तांड्यावरची माणसं उसाच्या फडावर किंवा पुणे, मुंबई, हैदराबादच्या बांधकामांवर निघालेली असतात. गाठोड्यात तवा, ज्वारीचं पीठ, तिखटाची पुडी. पीठ पंधरवड्यात संपतं, मग सगळं विकतचं.

1 फेब्रुवारी 2014 पासून राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला. माणशी पाच किलो, गहू दोन रुपये, तांदूळ तीन. 2015 मध्ये यवतमाळसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही याच भावाने धान्य मिळू लागलं. ते यायचं मात्र गावच्या दुकानात. म्हातारी ते उचलायची, आणि मुलगा-सून शहरात बाजारभावाने तांदूळ घ्यायचे.

मग 2020 चा मार्च उजाडला आणि टाळेबंदी आली. हैदराबाद-नागपूर महामार्ग आपल्या पांढरकवड्यावरून जातो. त्या उन्हाळ्यात तेलंगणातून निघालेले मजूर पैनगंगा ओलांडून याच रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले. त्याच वर्षी जानेवारीत दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आली, तिने अनेकांना तगवलं. कार्ड नसलेल्या मजुरांना माणशी पाच किलो धान्य देण्याची केंद्राची घोषणा मे महिन्याच्या मध्यावर झाली. तोवर कितीतरी जण वाटेला लागले होते. 19 मे रोजी सोलापूरहून नागपूरच्या रेल्वेसाठी मजुरांना नेणाऱ्या एसटीला यवतमाळ जिल्ह्यात अपघात झाला. चौघे दगावले. घोषणा महिनाभर आधी झाली असती तर अनेक पाय थांबले असते, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेला वेग आला. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ती लागू करण्यासाठी 31 जुलैची मुदत दिली. आता एकाच कार्डावर मुलगा पुण्यात अंगठा लावून आपला वाटा उचलतो, म्हातारी गावात तिचा. या काळातली ही सर्वांत मोलाची सुधारणा. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफतही झालं.

केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना मात्र त्याच महिन्यापासून धान्याऐवजी माणशी दीडशे रुपये ठरले. हा निर्णय चुकला. शहरातल्या किराणा दुकानात तेवढ्यात पाच किलो चांगलं धान्य येणं अवघडच होतं.

या दिवाळीनंतर तुमच्या गावातून कुणी निघालं, तर कार्डाचा बारा अंकी क्रमांक त्याला कागदावर लिहून द्या, लेकरांची नावं आधारला जोडली आहेत का ते बघा. शहरातल्या दुकानदाराने परत पाठवलं तर 1967 वर तक्रार करता येते, हेही सांगा.