भीतीची मजुरी : जॉर्ज आर्नोची साहसकथा

जॉर्ज आर्नो हे आंरी जिरार (1917–1987) या फ्रेंच लेखकाचे टोपणनाव असून, 1950 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ल सालेर द ला पर’, अर्थात ‘भीतीची मजुरी’, या कादंबरीमुळे साहसकथाकार म्हणून त्याची ख्याती झाली. मात्र त्या साहसाच्या मुळाशी असलेला राजकीय संताप थरारापुढे बहुधा झाकोळूनच गेला.

ग्वाटेमालातील एका बंदरात अडकून पडलेल्या परदेशी भणंगांची ही कथा आहे. अमेरिकी कंपनीच्या तेलविहिरीला आग लागते, आणि स्फोटाच्या धक्क्याने ज्वाळा विझवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन, म्हणजे किरकोळ हिसक्यानेही फुटणारे द्रवरूप स्फोटक, तिथवर न्यावे लागते. ते साध्या मालट्रकांतून नेण्याची जोखीम कंपनी या बेकारांच्या गळ्यात मारते, कारण ते मेले तरी जाब विचारणारे कोणी नसते.

आंरी-जॉर्ज क्लुझो याने या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटाला 1953 साली कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांत सर्वोच्च पुरस्कार मिळाले. त्यातील नालीदार पत्र्यासारख्या रस्त्याचा प्रसंग आवर्जून पाहावा असा आहे : तिथे ट्रक एकतर गोगलगायीच्या गतीने हाकावा लागतो किंवा इतका भरधाव, की चाके उंचवट्यांच्या माथ्यांवरूनच निघून जावीत, मधला वेग म्हणजे मरण. अमेरिकेत प्रदर्शित करताना कंपनीच्या अरेरावीची दृश्ये कापण्यात आली, यावरून कथेचा रोख कोणाला झोंबला हे वेगळे सांगायला नको. विल्यम फ्रीडकिनचा याच कादंबरीवरील ‘सॉर्सरर’ (1977) हा चित्रपट, तोलामोलाचा असूनही, ‘स्टार वॉर्स’च्या लाटेत वाहून गेला.

आर्नोचा सत्तेविषयीचा अविश्वास पुस्तकी नव्हता. 1941 साली फ्रान्समधील एस्क्वार येथील वाड्यात त्याचे वडील, आत्या व मोलकरीण यांची हत्या झाल्यावर संशय त्याच्यावरच आला आणि 1943 मध्ये निर्दोष सुटेपर्यंत तो तुरुंगात होता. पुढे दक्षिण अमेरिकेत त्याने पडेल ती कामे केली. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात फाशीची शिक्षा झालेल्या जमीला बुहिरेद हिच्या बाजूने त्याने 1957 साली वकील जाक व्हेर्जेस याच्यासह पुस्तिका लिहिली. 1960 साली अल्जीरियाच्या बंडखोरांना साहाय्य करणाऱ्या फ्रान्सिस जाँसाँ याच्या गुप्त पत्रकार परिषदेचे वृत्त छापून पोलिसांना मात्र खबर न दिल्याबद्दल त्याला अटक झाली. स्वातंत्र्यानंतर तो अनेक वर्षे अल्जीरियातच राहिला.