ट्रॅक्टरच्या क्लचमध्यें शिरणारें तेल

मुंबईतील घोडपदेव भागांत शेत नाहीं, बैल नाहीं आणि पावसाची वाट पाहणारी जमीनही नाहीं. असें असतांही तेथील लेथच्या एखाद्या गाळ्यांत, गोणपाटांत गुंडाळून गांवाहून आलेला ट्रॅक्टरचा दांडा दृष्टीस पडला, तर त्यांत नवल नाहीं. पूर्वेस दारूखान्याची जुन्या लोखंडाची पेठ; पश्चिमेस, ज्या गिरण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या फिटर आणि टर्नर घडविले, त्यांचा मुलूख. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, परंतु हातांतली विद्या थांबली नाहीं. शिवाय येथील कामगाराचा एक पाय नेहमींच गांवीं. भावाचा ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर अडला, कीं निरोप प्रथम याच वस्तींत यावयाचा.

हा जुना ट्रॅक्टर पुष्कळदां मूळचा मुंबईकरच निघतो. १९६३ मध्यें महिंद्र कंपनीनें इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या भागीदारींत ट्रॅक्टरची कंपनी स्थापन केली, आणि पुढें कांदिवलीच्या कारखान्यांतून ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर बाहेर पडूं लागला. त्याचा आराखडा ब्रिटनमधील होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येईल.

ट्रॅक्टरचें एंजिन पुढें आणि गिअरची पेटी मागें, दोहोंमध्यें क्लच. एंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, क्लचची तबकडी दाबून बसलेली असते व केवळ घर्षणाच्या बळावर त्या चाकाबरोबर फिरते. तबकडीच्या मध्यांतून एक दांतेरी दांडा मागें पेटींत जातो. एंजिनची शक्ति याच दांड्यावाटे पेटींत शिरते. पेटींत दाट तेल भरलेलें असतें, क्लच मात्र कोरडा राहिला पाहिजे. म्हणून दांडा जेथें पेटींतून बाहेर येतो तेथें एक कडें बसविलेलें असतें. त्यालाच कारागीर ऑइल सील म्हणतात. बाहेरून लोखंडी कडें, आंत कृत्रिम रबराचा पातळ ओठ, आणि ओठाला दांड्याशीं बिलगून ठेवणारी बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. पूर्वी हा ओठ कातड्याचा असे. कांहीं ट्रॅक्टरांत एका पोकळ दांड्यांतून दुसरा दांडा जातो. तेथें सीलही दोन लागतात.

तेल क्लचवर आलें म्हणजे काय होतें, हें तेलकट हातानें लोणच्याच्या बरणीचें फिरकीचें झांकण उघडूं पाहणाऱ्या कोणासही सांगावयास नको. एंजिन ओरडतें, नांगर जागचा हालत नाहीं, आणि जळका वास सुटतो.

येथें घाई करणारे फसतात. क्लचच्या घराच्या तळाशीं एक छिद्र असतें; गळणारें तेल तेथून थेंबाथेंबानें पडतें. थेंब काळा व पातळ असेल, तर दोष बहुधा एंजिनच्या मागील सीलचा. दाट, सोनेरी आणि गंधकासारख्या उग्र वासाचा असेल, तर तो पेटीचा. पेटीच्या माथ्यावरील हवा जाण्याची वाट मातीनें बुजली असली, तरीही आंतील तापलेली हवा तेलाला बाहेर रेटते. ती वाट आधीं साफ करून पहावी. कारण पुढचें काम मोठें आहे. सीलची किंमत किरकोळ, परंतु तें काढण्याघालण्यांत दोन दिवस सहज जातात, आणि तेवढ्यांत शेताचा वाफसा निघून जातो.

जुन्या ट्रॅक्टरला बहुधा मोटारीसारखा सांगाडा नसतो. एंजिन व पेटी हाच त्याचा कणा. सील बदलावयाचें तर तो कणाच मधोमध सोडवावा लागतो. पुढचा आंस मध्यावर झुलता असल्यामुळें त्याच्या दोन्ही बाजूंस लांकडी पाचरा ठोकाव्या, नाहींतर एंजिन कुशीवर कलंडतें. केवळ जॅकवर विसंबून मध्यें हात घालणारा जिवाशीं खेळतो. भक्कम ठोकळे हवेतच. जुन्या तबकडीच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो, म्हणून तेथील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. तेलांत भिजलेली तबकडी धुऊन पुन्हा घालण्याची काटकसर अंगाशीं येते.

नवें सील घातलें कीं झालें, असें समजणारेच फार. वास्तविक ओठ जेथें घांसतो तेथें पोलादालाही चर पडतो. मऊ रबरानें कठीण पोलाद कसें झिजावें? तर रबरांत रुतलेली बारीक धूळ कानशीचें काम करते. चर नखाला लागला, तर नवें सीलही गळणार. अशा वेळीं दांडा घोडपदेवास येतो. कारागीर चरावर पातळ पोलादी बाही चढवितो, किंवा धातूचा थर देऊन, घांसून, मूळ मापास आणतो. बेअरिंग सैल असेल तर तेंही बदलावें. डगमगणाऱ्या दांड्यापुढें कोणताच ओठ टिकत नाहीं.

मापाची गोष्ट अधिक नाजूक. जुन्या ब्रिटिश आराखड्यांत मापें इंचांचीं असत. पावणेदोन इंचाचा दांडा म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, दुकानांत हाताशीं असणारें सील बहुधा ४५ चें. डोळ्यांना दोन्ही सारखींच, पण अर्ध्या मिलिमीटरहून अधिक असलेल्या या फरकानें ओठाची पकड ढिली होते. नागदेवी रस्त्याच्या दुकानांत जाण्यापूर्वीं जुन्या सीलवरील आंकडा वाचावा, आणि दांडा व खोबण व्हर्निअरनें मोजून घ्यावी.

बसवितांना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. उलटें बसलेलें सील दिसण्यांत तितकेंच देखणें, पण पहिल्याच दिवशीं गळतें. ओठाला ग्रीस लावावें आणि दांड्याच्या दांत्यांवर पातळ कागद गुंडाळावा, नाहींतर ते दांते ओठ कापतात. हातोडीचा घाव थेट न घालतां रुंद नळी ठेवून सर्व बाजूंनीं सारखें ठोकावें. पुढें दोन्ही अर्धे जोडतांना फ्लायव्हील हातानें थोडथोडें फिरवून दांते जुळवावे; बोल्ट आवळून ओढून आणणाऱ्यानें तबकडी वांकविली म्हणून समजावें.

तेल भरून, पेडलची मोकळीक जुळवून, ट्रॅक्टर दिवसभर नांगराला लावावा. सायंकाळीं छिद्राखालीं एक कागद पसरावा. सकाळीं तो कोरा असला, तर घोडपदेवच्या टर्नरला तसा निरोप धाडावा.