पाण्याखालचा उजेड आणि निरोपाची खात्री



आज रात्री एक प्रयोग करून पाहा. काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी घ्या, दिवा मालवा आणि एका बाजूने मोबाइलच्या बॅटरीचा झोत सोडा. पलीकडे लख्ख उजेड पडेल. आता चमचा चमचा दूध घालत जा. बॅटरी तीच, भांडं तेच. पण उजेड आतच विखुरतो, पलीकडे जेमतेम पोहोचतो. समुद्राखाली उजेडाने निरोप पाठवणाऱ्यांची मुख्य अडचण हीच.

तिथे उजेड हवा कशाला? आपला मोबाइल रेडिओलहरींवर चालतो आणि खारं पाणी त्या लहरी चटकन शोषून घेतं. आवाज पाण्यात कित्येक किलोमीटर जातो, पण एका वेळी थोडीच माहिती नेतो. 10 लाख बाइटचा फोटो सेकंदाला 5,000 बिट या वेगाने आवाजातून पाठवला, तर 26-27 मिनिटं लागतील. सेकंदाला कोटीभर बिट नेणाऱ्या उजेडाला एक सेकंदही लागत नाही. दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करतो आणि त्या उघडझापीतच निरोप असतो. दिवा निळा किंवा हिरवा असतो, कारण तांबडा रंग पाणी काही मीटरांतच गिळून टाकतं.

पण भरवसा किती ठेवायचा, हे पाणी ठरवतं. खोल समुद्राच्या नितळ पाण्यात 10 मीटरनंतरही उजेडाचे शंभरातले साधारण 22 भाग उरतात. बंदराच्या गढूळ पाण्यात एका मीटरलाच 11 उरतात आणि दुसऱ्या मीटरला जेमतेम एक. शिवाय बुडबुडे आडवे येतात, भिंगावर शेवाळ धरतं, वरच्या थरात सूर्यप्रकाश मिसळतो. लाटेने यंत्र जरासं हललं तरी झोत चुकतो.

मग खात्री कशी करायची? आपण लेकराबरोबर शेतावर डबा पाठवतो तेव्हा सांगतो, ‘सात भाकऱ्या आहेत म्हणावं.’ सहाच पोहोचल्या तर तिथे लगेच कळतं. तसंच निरोपाबरोबर त्याचा हिशेब जातो. हिशेब जुळला की पलीकडून पोच येते. पोच आली नाही की निरोप पुन्हा पाठवतात. आणि उजेड अगदीच हरला, तर हळू पण लांब जाणारा आवाज कामी येतो.

अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेने अशी उजेड आणि आवाजाची जोडी करून दाखवली आहे. प्रशांत महासागरात दोन किलोमीटरहून खोल, समुद्रतळाच्या विंधन-विहिरीवर यंत्र बसवलं होतं. पाणबुडी जवळ आली की त्याच्यातली साठलेली माहिती उजेडातून, तारेशिवाय घेता येत असे. तिथे काळोख आहे आणि पाणी नितळ, म्हणून सुमारे 100 मीटरपर्यंत उजेड साथ देत असे. आपल्या खाडीच्या पावसाळी पाण्यात तोच दिवा खूपच कमी अंतरावर थकेल.

एक फोटो हुकला तर पुन्हा मागवता येतो. पण समुद्रतळाशी काम करणाऱ्या यंत्राला दिलेली ‘थांब’ ही एकच सूचना हुकली, तर? म्हणून निरोप किती वेगाने गेला यापेक्षा, तो पोहोचला नाही हे वेळेत कळणं मोठं. उद्या कुणी ‘पाण्याखालचं वायफाय’ म्हणून कौतुक सांगू लागलं, तर दोनच प्रश्न विचारा: कोणत्या पाण्यात? आणि किती अंतरावर?